हँडल जड झाले? 'कोनसेट'मधील ग्रीस तपासा

नाशिक (प्रतिनिधी) : पावसाळा सरला की शहरातील गॅरेजमध्ये दुचाकींची गर्दी वाढते. इंजिन ऑइल बदलले जाते, चेन ताणली जाते, ब्रेक पाहिले जातात आणि गाडी धुऊन चकचकीत होते. मात्र ज्या भागावर गाडीचे दिशानियंत्रण अवलंबून असते, त्या हँडलखालील बेअरिंगची आठवण सहसा कोणाला होत नाही. गॅरेजच्या भाषेत या भागाला 'कोनसेट' किंवा 'बॉल रेसर' म्हणतात. त्यातील ग्रीस संपले की हँडल हळूहळू जड होते किंवा ढिले पडते. हा बदल इतक्या संथ गतीने होतो, की रोज गाडी चालविणाऱ्याला तो जाणवतही नाही. जाणवतो तेव्हा बहुधा घाटातील वळणावर किंवा अचानक ब्रेक दाबावा लागल्यावर.

रचना सोपी, जबाबदारी मोठी

मोटारसायकलच्या सांगाड्याच्या पुढच्या टोकाला एक तिरकी नळी असते. त्या नळीतून एक दांडी आरपार जाते. दांडीच्या खालच्या टोकाला 'टी' असते आणि टीमध्ये दोन्ही शॉकअप बसविलेले असतात. नळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशी पोलादी कड्या असून त्यांच्यामध्ये छर्रे बसविलेले असतात. सायकलच्या हँडलमध्येही हीच रचना असते. बॉल बेअरिंगचा उपयोग दुचाकीत झाला तोही प्रथम सायकलमध्येच. पॅरिसमधील सायकल कारागीर ज्यूल सुरिरे यांनी १८६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी झालेली पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर यांनी असे बेअरिंग असलेल्या सायकलवर जिंकली.

दुचाकी तोल सांभाळते ती हँडलच्या सतत होणाऱ्या बारीक हालचालींमुळे. गाडी किंचित डावीकडे कलली की पुढचे चाकही किंचित डावीकडे वळते आणि तोल सावरला जातो. चालकाच्या नकळत हे अखंड सुरू असते. हँडल जड झाले तर ही हालचाल अडखळते आणि गाडी कमी वेगात नागमोडी चालल्यासारखी वाटते. हँडल ढिले असेल तर ब्रेक लावताच पुढचा भाग थरथरतो. दोन्ही दोषांचे खापर बहुतेक वेळा टायरवर किंवा रस्त्यावर फोडले जाते.

नाशिकच्या पावसाचा वाटा

नाशिक शहरात वर्षभरात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. मात्र नाशिककरांची दुचाकी केवळ शहरातच फिरत नाही. पश्चिमेकडे अवघ्या ४५ किलोमीटरवरील इगतपुरीत हेच प्रमाण तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. श्रावणात त्र्यंबकेश्वरला जाणारे भाविक, ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी तिसऱ्या सोमवारी निघणारे तरुण, कसारा घाटातून ये-जा करणारे प्रवासी आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तीनही पाळ्यांना जाणारे कामगार या सर्वांच्या गाड्या तासन् तास पाण्यात चालतात.

पुढच्या चाकाने उडविलेले पाणी आणि चिखल यांचा मारा थेट खालच्या बेअरिंगवर होतो. पुढच्या बाजूचे वजन आणि खड्ड्यांचे हादरेही तेच सोसते. त्यामुळे ग्रीस प्रथम तेथूनच धुऊन जाते. त्यात वॉशिंग सेंटरवरील दाबाच्या पाण्याची भर पडते. पाण्याचा झोत नेमका हँडलच्या सांध्यावर धरला, तर पावसाने जे आत जात नाही तेही आत जाते. त्यानंतर काही दिवस गाडी उभी राहिली, की कड्यांवर गंज धरू लागतो.

खळगे का पडतात?

चाकाचे बेअरिंग पूर्ण फिरते, त्यामुळे त्यातील ग्रीस सगळीकडे पसरत राहते. हँडलचे बेअरिंग मात्र फिरतच नाही. सरळ रस्त्यावर ते जेमतेम काही अंश इकडेतिकडे हलते. परिणामी प्रत्येक छर्रा वर्षानुवर्षे कडीच्या एकाच जागेवर टेकून राहतो. खड्ड्याच्या प्रत्येक हादऱ्याला त्या जागेवरचे ग्रीस बाजूला सरते आणि पोलाद पोलादावर घासू लागते. काही काळाने तेथे बारीक खळगे तयार होतात.

ही समस्या केवळ दुचाकींची नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात रेल्वेने दूरवर पाठविलेल्या नव्या कोऱ्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगे मुक्कामी पोहोचेपर्यंत खराब झालेली आढळत. मोटार एक फूटही चालली नव्हती. मात्र डब्याच्या थरथरीने उभ्या चाकातील छर्रे एकाच जागी घासत राहिले होते. कोनसेटमध्ये हेच घडते. खळगे पडल्यावर हँडल बरोबर मधोमध आले की 'अडकल्यासारखे' वाटते, कारण सर्व छर्रे एकाच वेळी आपापल्या खळग्यात उतरतात.

घरच्या घरी तपासणी

दोष आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. गाडी डबल स्टँडवर लावावी आणि मागे एकाला बसवून पुढचे चाक जमिनीपासून उचलून धरावे. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हलक्या हाताने फिरवावे. मध्ये कोठे अडखळले किंवा खरखर जाणवली, तर कड्या खराब झाल्या आहेत असे समजावे. त्यानंतर हँडल मधोमध आणून अलगद एका बाजूला ढकलावे. ते स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत कलले पाहिजे. वाटेतच थांबले तर ग्रीस सुकले आहे किंवा नट अधिक कसलेला आहे. ताणलेल्या केबलमुळेही हँडल अडते, म्हणून त्या आधी पाहून घ्याव्यात.

ढिलेपणा पाहण्यासाठी चाक जमिनीवर टेकवावे, पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरावा आणि गाडी पुढे-मागे हलवावी. 'टक टक' असा आवाज आल्यास टी आणि फ्रेमची नळी यांच्या सांध्यावर दुसऱ्या व्यक्तीला बोट ठेवण्यास सांगावे. हालचाल तेथे जाणवली तर दोष कोनसेटचा. तेथे काहीच जाणवले नाही तर तो शॉकअपचा किंवा ब्रेकचा असू शकतो.

निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा बराच खाली उतरतो. अशा पहाटे ग्रीस घट्ट होऊन हँडल थोडे जड लागू शकते. दिवस चढल्यावरही ते जडच राहिले, तर थंडीला दोष देण्यात अर्थ नाही.

कसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

ढिल्या हँडलची तक्रार घेऊन गेल्यावर 'कोनसेट टाईट करून दिला' हे उत्तर अनेकदा ऐकावयास मिळते. काम पाच मिनिटांत होते, आवाज थांबतो आणि ग्राहकही समाधानी होतो. कड्या चांगल्या असतील आणि नट केवळ सैल झालेला असेल, तर हा उपाय योग्यच आहे. परंतु आत ग्रीस नसताना किंवा खळगे पडलेले असताना नट कसला, तर कोरडे छर्रे अधिक दाबाने घासले जातात आणि उरलेली कडीही लवकर संपते. ढिल्या हँडलची जागा जड हँडल घेते, एवढाच काय तो फरक. खळगे पडलेल्या कडीत नवे ग्रीस भरल्यानेही खळगे भरून येत नाहीत. त्यामुळे ग्रीस भरण्याची खरी वेळ ही दोष जाणवण्याच्या आधीची असते.

काम कसे होते?

ग्रीस भरण्यासाठी गाडीचा पुढचा भाग उतरवावा लागतो. इंजिनखाली आधार देऊन पुढचे चाक, मडगार्ड आणि शॉकअप काढले जातात. हँडल केबलसह बाजूला घेतले जाते. वरचा मोठा नट आणि त्याखालील खाचांचा नट काढल्यावर टी खाली सरकते. अनेक गाड्यांत छर्रे सुटे असतात, म्हणून खाली कापड किंवा परात ठेवणे आवश्यक असते. वरचे व खालचे छर्रे वेगळे ठेवून मोजावेत. दोन्हीकडील संख्या किंवा आकार सारखाच असेल असे नाही.

जुने ग्रीस डिझेलने पूर्ण धुऊन, कड्या कोरड्या करून त्या उजेडात पाहाव्यात. नख फिरविले असता खळगा लागला किंवा गंजाचे खड्डे दिसले, तर वरच्या-खालच्या कड्या आणि छर्रे हा सर्व संच बदलावा. जुन्या कडीत नवे छर्रे टाकण्याची काटकसर उपयोगाची नाही. कड्या गुळगुळीत असतील तर त्यात भरपूर ग्रीस लावून त्यावर छर्रे एकेक करून चिकटवावेत. दांडीला आणि नळीच्या आतील बाजूलाही पातळ थर द्यावा, म्हणजे आत शिरलेल्या ओलाव्याने गंज धरत नाही.

जोडणी करताना खाचांचा नट आधी किंचित कसून हँडल काही वेळा पूर्ण फिरविले जाते, जेणेकरून छर्रे नीट बसतात. मग नट थोडा सैल करून, ढिलेपणा जाईल एवढाच पुन्हा कसला जातो. वरचा नट घट्ट केल्यावर हे माप बदलते, म्हणून शेवटी पुन्हा तपासणी हवीच. नव्या कड्या बसविल्या असतील तर काहीशे किलोमीटरनंतर त्या पुन्हा एकदा पाहून घ्याव्यात.

ग्रीस कोणते?

ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेले तेल होय. सोडियमच्या साबणाचे ग्रीस पाण्यात टिकत नाही. कॅल्शियमचे जुने ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण उष्णता सोसत नाही. १९४०च्या दशकात आलेल्या लिथियम ग्रीसने या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर केल्या. बाजारात 'एपी ३' या नावाने मिळणारे ग्रीस याच वर्गातील आहे. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार वापरणे केव्हाही उत्तम. वेगवेगळ्या प्रकारची ग्रीसे एकमेकांत मिसळू नयेत. काही मिश्रणे पातळ होऊन वाहून जातात.

अलीकडच्या अनेक मोठ्या मोटारसायकलींत छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असतात. अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये या बेअरिंगचे पेटंट घेतले होते. छर्रा कडीला एका बिंदूवर टेकतो, तर रोलर एका रेषेवर. त्यामुळे भार विभागला जातो आणि खळगे उशिरा पडतात. ग्रीसची गरज मात्र त्यालाही तेवढीच असते.

वाहनधारकांनी काय विचारावे?

नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये कोनसेट खोलून ग्रीस भरणे समाविष्ट असेलच असे नाही. ग्रीस काही रुपयांचे असते. खर्च असतो तो मजुरीचा आणि दोन-तीन तासांच्या वेळेचा. म्हणूनच हे काम स्पष्टपणे सांगून करून घ्यावे लागते. 'कोनसेट खोलला की फक्त कसला?' हा साधा प्रश्न विचारावा आणि संच बदलला असल्यास जुन्या कड्या पाहण्यास मागाव्यात. किती किलोमीटरनंतर तपासणी करावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पावसात नियमित गाडी चालविणाऱ्यांनी मात्र किलोमीटर न मोजता पावसाळ्यानंतर एकदा तपासणी करणे हिताचे.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करतानाच गाडी आरटीओच्या तपासणीसाठी न्यावी लागते. म्हणजे 'एमएच १५' क्रमांकाची नवी गाडी घेणाऱ्याला पुढील दीड दशक तिच्या हँडलची काळजी स्वतःच घ्यावयाची असते. दसऱ्याला शहरातील प्रत्येक दुचाकी धुतली जाते आणि हँडलला झेंडूची माळ चढते. गाडी धुवायला नेण्यापूर्वी पुढचे चाक उचलून हँडल एकदा फिरवून पाहिले, तर ती माळ खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.