जर्बिलच्या नाकावरची जखम : मूळ आणि उपचार

पाळीव जर्बिलच्या नाकपुड्यांभोवतीचे केस विरळ होणे, त्याखालची त्वचा लाल होऊन सुजणे आणि पुढे तेथे ओलसर चट्टे व खपल्या दिसू लागणे, हा या प्राण्यात वारंवार आढळणारा विकार आहे. वरून पाहता ती साधी खरचटल्याची जखम वाटते आणि त्यामुळे तिच्यावर एखादे मलम लावून मोकळे होण्याकडे पाळणाऱ्यांचा कल असतो. परंतु या जखमेचे मूळ बहुधा नाकात नसून पिंजऱ्यातील हवा, अंथरूण आणि राहणीमान यांत असते. म्हणून ते मूळ दूर न करता केलेला औषधोपचार तात्पुरताच ठरतो.

जर्बिल म्हणजे वाळवंटी व गवताळ प्रदेशात बिळे करून राहणारा, उंदराच्या कुळातील लहान कृंतक, म्हणजेच सतत वाढणाऱ्या पुढच्या दातांनी कुरतडणारा सस्तन प्राणी होय. घरोघरी पाळली जाणारी जात मंगोलियन जर्बिल या नावाने ओळखली जाते. आर्मां दाव्हिद या फ्रेंच धर्मप्रसारक निसर्गअभ्यासकाने १८६६ मध्ये उत्तर चीनमधून तिचे नमुने पॅरिसला पाठवले आणि पुढच्याच वर्षी आल्फोंस मिल्न-एडवर्ड्स याने तिचे शास्त्रीय वर्णन केले. १९३५ मध्ये अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या जोड्या जपानमधील प्रयोगशाळेत वाढवण्यात आल्या, त्यांची काही संतती १९५४ मध्ये अमेरिकेत गेली आणि तेथून हा प्राणी प्रयोगशाळांप्रमाणेच घरांतही पोहोचला. स्थलांतर जगभर झाले असले, तरी त्याचे शरीर मात्र कोरड्या हवेसाठी व मोकळ्या वाळूसाठी घडलेले राहिले, आणि नाकाच्या या विकाराचे स्पष्टीकरण याच विसंगतीत सापडते.

जर्बिलच्या डोळ्यामागे हार्डर ग्रंथी नावाची मोठी ग्रंथी असते. योहान याकोब हार्डर या स्विस शरीररचनाशास्त्रज्ञाने १६९४ मध्ये हरणात तिचे वर्णन केले म्हणून तिला हे नाव पडले. या ग्रंथीतून स्निग्ध पदार्थ आणि पॉर्फिरिन नावाचे तांबूस रंगद्रव्य असलेला स्राव पाझरतो, अश्रुनलिकेवाटे नाकपुड्यांपर्यंत उतरतो आणि प्राणी पंजांनी तोंड साफ करताना लाळेत मिसळून तो अंगभर पसरवतो. केसांवर चढणारा हा पातळ स्निग्ध थर शरीराची उष्णता टिकवण्यास व ओलाव्यापासून बचाव करण्यास उपयोगी पडतो, हे अमेरिकेतील संशोधक डेल थिसेन यांच्या प्रयोगांतून पुढे आले. थर जास्त झाला की जर्बिल वाळूत लोळते आणि कोरडी वाळू जादा तेल शोषून घेते. अशा रीतीने स्राव पसरवणे व काढून टाकणे यांचा समतोल निसर्गात आपोआप राखला जातो.

पिंजऱ्यात हा समतोल अनेक कारणांनी ढळतो. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, ५० टक्क्यांच्या वर राहू लागली की केस तेलकट व उभे दिसू लागतात. स्राव नाकाभोवती साचून राहतो आणि त्यातील पॉर्फिरिन त्वचेला झोंबते. गर्दी, सोबत्यांतील भांडणे किंवा सततचा गोंगाट यांमुळे येणाऱ्या ताणाने स्रावाचे प्रमाणही वाढते. देवदार किंवा पाइनच्या भुशातील सुगंधी तेले आणि बारीक धूळ त्वचा व श्वासमार्ग आणखी चुरचुरवतात. बिळे खोदण्यास पुरेसा थर नसल्यास प्राणी गजांवर तोंड घासत राहतो. अशा रीतीने सोलवटलेल्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस गटातील जिवाणू शिरकाव करतात, खाज वाढते, खाजवण्याने जखम रुंदावते आणि ती ओठ, गाल व पुढच्या पायांपर्यंत पसरू शकते.

निदान करताना काही गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. नाकाशी किंवा डोळ्यांशी दिसणारा तांबूस डाग पुष्कळदा रक्ताचा नसून पॉर्फिरिनचा असतो. अतिनील दिव्याखाली तो चमकत असल्याने पशुवैद्याला त्याची खात्री करता येते. नाकाच्या वरच्या बाजूचे केस गेले आहेत, पण त्वचा निरोगी आहे, असे असल्यास गजांचे घर्षण हेच कारण संभवते. त्वचेतील सूक्ष्म माइट, बुरशीचा नायटा आणि सोबत्याने घेतलेले चावे यांमुळेही केस झडतात. म्हणून आवश्यक तेथे त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो.

उपचाराची पहिली पायरी पिंजऱ्यापासून सुरू होते. जुने अंथरूण पूर्ण काढून टाकावे आणि त्याऐवजी सुगंधविरहित, धूळ कमी असलेले कागदी अंथरूण वापरावे. बिळे खोदता येतील एवढा त्याचा जाड थर द्यावा. काचेच्या टाकीवर घट्ट झाकणाऐवजी जाळीचे झाकण असावे, पाण्याची बाटली गळत नाही याची खात्री करावी आणि खोलीत आर्द्रतामापक ठेवावा. उथळ भांड्यात स्वच्छ, कोरडी, बारीक वाळू लोळण्यासाठी द्यावी, पण उडणारी भुकटी टाळावी. वाळू ओली किंवा घाण झाली की बदलावी. नाकाची जखम ओली असताना वाळू तिला चिकटण्याची भीती असल्याने त्या काळात हे स्नान पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे.

जखमेवरची खपली ओढून काढू नये. कोमट सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या सौम्य निर्जंतुक द्रावणात, भिजवलेल्या कापसाने साचलेला स्राव हलकेच पुसावा व त्वचा कोरडी करावी. प्राण्याला हाताच्या ओंजळीत धरावे, शेपटीने कधीही उचलू नये, कारण तिची त्वचा सहज सोलून निघते. काही जर्बिलना हाताळणीच्या ताणाने झटके येतात, म्हणून ही सफाई थोडक्यात आटोपावी. तेलकट मलमे आणि माणसांसाठीची स्टेरॉइडयुक्त मलमे स्वतःहून लावू नयेत. जर्बिल ती लगेच चाटते आणि तेलकट थराने दोष वाढण्याचीही शक्यता असते.

जंतुसंसर्ग स्पष्ट असल्यास प्रतिजैविके लागतात आणि येथे घरगुती प्रयोग धोक्याचे ठरतात. स्ट्रेप्टोमायसिन जर्बिलसाठी प्राणघातक ठरू शकते, कारण ते मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारे संदेश रोखते. तोंडाने दिलेली पेनिसिलिन गटातील औषधे तसेच क्लिंडामायसिन व लिंकोमायसिन आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट करून घातक अतिसार घडवू शकतात. प्रौढ जर्बिलचे वजन बहुधा ६० ते १०० ग्रॅमच भरत असल्याने मात्रेतील अल्पशी चूकही महाग पडते, म्हणून औषध आणि मात्रा लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यानेच ठरवावी. जखम पसरणे, पू येणे, शिंका वा घरघर, डोळे चिकटणे, खाणे कमी होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वाट पाहू नये.

मुंबई, कोकण व गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या वर जात असल्याने तेथे जर्बिल पाळणाऱ्यांना हा विकार टाळण्यासाठी अधिक दक्षता घ्यावी लागते. हवा कोरडी ठेवणारे यंत्र, अंथरूण वेळेवर बदलणे आणि कोरडी वाळू हीच तेथील उपाययोजना होय. नाक बरे झाल्यावरही ही व्यवस्था कायम ठेवावी, कारण हार्डर ग्रंथीचा स्राव आयुष्यभर चालू राहतो.