माणूस कशाने गेला?

आपल्याकडे कुणाच्या घरी मयत झाली की सांत्वनाला येणारा प्रत्येक जण एक प्रश्न हमखास विचारतो, ‘‘कशाने गेले हो?’’ उत्तरेही ठरलेली असतात. ‘‘वय झालं होतं.’’ ‘‘झोपेतच गेले.’’ ‘‘अ‍ॅटॅक आला.’’ ‘‘अंगावरून वारं गेलं, ते परत उठलेच नाहीत.’’ दहावा होतो, तेरावा होतो, मग घरातला कर्ता मुलगा दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जातो. वारसनोंद, विमा, सोसायटी, बँक, सगळीकडे तो दाखला लागतो. नाव आणि तारीख बरोबर आहे ना, हे चार वेळा तपासले जाते. पण माणूस नेमक्या कोणत्या आजाराने गेला, हे नीट नोंदले गेले का, याची चौकशी सहसा कुणी करत नाही.

काष्टीसारख्या बाजाराच्या गावात इतकी वर्षे दवाखाना चालवताना माझी एक खात्री झाली आहे. ‘कशाने गेले?’ या प्रश्नाचे खरे उत्तर गेलेल्या माणसाच्या उपयोगाचे नसते. ते मागे राहिलेल्यांच्या उपयोगाचे असते. म्हणून आजचा लेख या काहीशा अप्रिय विषयावर.

आजोबांच्या काळचे मरण

पूर्वी मरणाचे कारण गावात सर्वांना कळत असे, कारण ते साथीने येई. गाठीचा ताप म्हणजे प्लेग १८९६ साली मुंबईत शिरला आणि तेथून महाराष्ट्रभर पसरला. १९१८ साली आलेल्या इन्फ्ल्यूएंझाला आपल्या लोकांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले. पटकी, देवी, गोवर, हगवण, क्षय, बाळंतिणीचा धनुर्वात ही नावे जुनी माणसे आजही घेतात. यातली देवी पार गेली. १९७५ नंतर देशात देवीचा स्थानिक रुग्ण सापडला नाही आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला.

या बदलाचे सर्वांत ठळक माप म्हणजे बालमृत्यू. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार १९७१ साली महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १०५ बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० साली हा आकडा १६ वर आला. बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरणाऱ्या मातांचे प्रमाणही उतरले. २०१८ ते २०२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, तर महाराष्ट्रात ३३.

हे काही आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत १९०० साली पहिली तीन कारणे होती न्यूमोनिया-इन्फ्ल्यूएंझा, क्षय आणि अतिसार. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचीच यादी! आज तिथे पहिल्या दोन जागांवर हृदयविकार आणि कर्करोग आहेत. अमेरिकेला हा बदल आकड्यांत दाखवता येतो, कारण तिथल्या एकेका राज्याने मृत्यूची रीतसर नोंद करायला सुरुवात केली आणि १९३३ पर्यंत सगळी राज्ये त्या नोंदणीत आली.

आजचे मरण

आपल्या देशातील सर्व राज्यांच्या आजारांचा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. भारतीय वैद्यक संशोधन परिषद त्यात सहभागी होती. १९९० साली देशातील शंभर मृत्यूंपैकी सुमारे ५४ मृत्यू संसर्गजन्य आजार, बाळंतपण, नवजात बालकांचे आजार आणि कुपोषण यांमुळे होत. २०१६ साली हे प्रमाण साडेसत्तावीसवर आले. उलट हृदयविकार, पक्षाघात, दमा, मधुमेह, कर्करोग अशा न पसरणाऱ्या आजारांचे मृत्यू शंभरात ३८ होते, ते जवळजवळ ६२ झाले. महाराष्ट्र या वाटेवर पुढे गेलेल्या राज्यांपैकी आहे. इथे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार पहिल्या क्रमांकावर आहे.

मधे २०२० आणि २०२१ ही कोरोनाची दोन वर्षे आली. साथ संपली असे आपण समजत होतो, तिने पुन्हा दार ठोठावले. महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणे एक लाख ४८ हजारांहून अधिक माणसे गेली. परंतु त्या साथीतही ज्यांना आधीपासून मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार होता, त्यांनाच धोका अधिक होता.

रस्त्यावरचे मरण वेगळेच. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत महाराष्ट्रात पंधरा हजारांहून अधिक माणसे अपघातांत गेली. गळीत हंगामात रात्रीच्या वेळी रस्त्याकडेला उभी असलेली, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

आपली भीती मात्र अजून आजोबांच्याच काळातली आहे. ताप आला की घरातले सगळे दवाखान्यात धावतात, ‘सलाईन लावा’ म्हणतात. तोच माणूस १८० रक्तदाब घेऊन वर्षभर बिनधास्त हिंडतो, कारण त्याचे काही दुखत नसते. ‘गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर घ्यावी लागते’ हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा तरी ऐकतो. गोळी जन्मभर घ्यावी लागते हे खरे, पण ती घेतल्याने तो जन्म लांबतो हेही तितकेच खरे.

मोजले म्हणून टळले

मरण मोजून काय होते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले. तेव्हा त्या परिसरात हजार बालकांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. आरोळे यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, सुईणपण स्वच्छ कसे करायचे, लस का टोचायची, हे त्यांना शिकवले. गावातला जन्म आणि मृत्यू यांची नोंद ठेवली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत १७६ चा आकडा ३० च्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यांतले बालमृत्यू बारकाईने मोजले, तेव्हा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच सर्वाधिक धोका असल्याचे दिसले. मग गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची, ही पद्धत त्यांनी बसवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई बाळाचे वजन करायला येतात, त्यामागे हे काम आहे.

याच गडचिरोलीत पुढे मोठ्या माणसांचे मृत्यू मोजले गेले. ८६ गावांत कोण कशाने गेले, हे घरोघरी जाऊन विचारण्यात आले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेक डॉक्टरांनाही नवल वाटले. दुर्गम, आदिवासी, गरीब भाग. तिथे पहिल्या क्रमांकावर हिवताप किंवा क्षय असेल असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात पहिला क्रमांक होता पक्षाघाताचा, म्हणजे आपल्या भाषेत ‘वारं गेलं’ त्याचा. सातातला एक मृत्यू त्याने झालेला होता आणि यातले बहुतेक जण घरीच गेले होते. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. श्रीमंतांचा म्हणून ओळखला जाणारा आजार पाड्यावरच्या झोपडीत पोहोचला होता आणि मोजेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

सर्पदंशाचेही तसेच. रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर देशात सापाने फारशी माणसे मरत नाहीत असे वाटे. भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या मदतीने घरोघरी विचारून झालेल्या पाहणीत २००५ या एका वर्षाचा अंदाज निघाला सुमारे ४६ हजारांचा. रुग्णालयाच्या वहीत यातल्या बहुसंख्यांचे नावच नव्हते, कारण ती माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नव्हती.

आपल्या नोंदीचे काय?

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. पण नोंद होणे वेगळे आणि डॉक्टरने कारण प्रमाणित करणे वेगळे. २०२० साली देशात नोंदलेल्या शंभर मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस मृत्यूंचे कारण डॉक्टरने लिहिलेले होते. त्यात रक्ताभिसरणाच्या आजारांचा वाटा सुमारे ३२ टक्के होता. बाकीच्यांच्या बाबतीत घरचे सांगतील तेच कारण.

डॉक्टरने कारण लिहिण्याचे सरकारी नमुने दोन आहेत. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ. त्यात पायऱ्या असतात: लगेचचे कारण कोणते, ते कशामुळे झाले, आणि मुळाशी कोणता आजार होता. ‘हृदयक्रिया बंद पडली’ हे उत्तर इथे चालत नाही. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते! मेंदूत रक्तस्राव, तो वाढलेल्या रक्तदाबामुळे, रक्तदाब बारा वर्षांपासूनचा, असे लिहिले तर त्या कागदाला अर्थ येतो. मृत्यूच्या माहितीच्या नमुन्यात तंबाखू, विडी, सुपारी, दारू यांची सवय किती वर्षे होती हेही विचारलेले असते. तिथे सहसा रेघ ओढलेली दिसते.

पुष्कळ घरे संकोचाने खरे कारण लपवतात. क्षय होता, यकृत दारूने खराब झाले होते, मुलाने विषारी औषध घेतले होते. मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल ही भीती असते. अशांना मी सांगतो की आपल्याला मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापले जात नाही. कायद्यानेच ते उघड करायला मनाई आहे. शेजाऱ्याला ते कळत नाही, मोजणीच्या कामी मात्र येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत डॉक्टरने जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असते. ती मागून घ्या आणि जपून ठेवा. प्रमाणपत्रासाठी पैसे घेता येत नाहीत.

साप चावून, विजेचा धक्का बसून, विहिरीत पडून किंवा अपघातात मृत्यू झाला तर पोलिसांना कळवणे आणि शवविच्छेदन टाळू नये. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी कुटुंबाला दोन लाख रुपयांची मदत आहे, आणि तिच्यासाठी कारण सिद्ध करणारे कागद लागतात. ‘आता चिरफाड कशाला’ म्हणून घाईने अंत्यविधी उरकला की मागे राहिलेली विधवा वर्षभर हेलपाटे घालते.

घरातली वही

मोजल्याने फरक पडतो तो मधल्या वयातल्या मरणातही. फिनलंड देशातल्या उत्तर करेलिया या दुग्धव्यवसायाच्या भागात कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू फार होते. १९७२ साली तिथे गावोगाव मोहीम सुरू झाली. लोणी, मीठ आणि तंबाखू कमी करा, रक्तदाब तपासा, एवढाच संदेश. पुढच्या तीन-साडेतीन दशकांत त्या वयातले हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. आपल्याकडेही घरोघर दुभती जनावरे आहेत, तंबाखू-मिश्री आहे, लोणचे-पापडांतून मीठ आहे. त्यांना जमले ते आपल्याला अवघड का जावे?

वाचकहो, सुरुवात घरातूनच करता येईल. एक वही घ्या. आजोबा-आजी, चुलते, मामा, आई-वडील यांपैकी कोण कोणत्या वयात गेले आणि कशाने, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. ‘वय झालं होतं’ एवढ्यावर थांबू नका. शेवटच्या दिवसांत हातपाय लुळे पडले होते का, छातीत दुखत होते का, धाप लागत होती का, पायाची जखम चिघळली होती का, हे विचारा. शेवटचे कागद, गोळ्यांची पाकिटे सापडली तर तीही ठेवा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा ही वही डॉक्टरांना दाखवा. वडील आणि चुलते दोघेही पन्नाशीच्या आत छातीत दुखून गेले असतील, तर तुमच्या चाळिशीतल्या ‘अ‍ॅसिडिटी’कडे डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहील.

आणि तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात ही तपासणी होते, पैसे लागत नाहीत. रक्तदाब पुन्हापुन्हा १४०/९० च्या वर येत असेल तर उपचार घ्या आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात उचलेना, बोबडी वळली, तर चोळत बसू नका. १०८ ला फोन करून जिथे मेंदूचे स्कॅनिंग होते अशा रुग्णालयात न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

शनिवारच्या बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, कुणाच्या गोठ्यातला आहे तेही विचारतो. घरातल्या कर्त्या माणसाची चौकशी त्याहून कमी नसावी. ही वही आजच घाला, आणि पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचा रक्तदाब तारखेसह लिहून ठेवा.