एकसारख्या दिसणाऱ्या बँटम कोंबड्या

जावा बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर बांतेन नावाचे जुने बंदर आहे. युरोपीय खलाशी तेथून लहान चणीच्या कोंबड्या जहाजावर घेत असत. बंदराचे नाव त्या कोंबड्यांना चिकटले आणि पुढे कोणत्याही ठेंगण्या कोंबडीला ‘बँटम’ म्हणण्याचा प्रघात पडला. आज या नावाखाली दोन वर्ग येतात. एखाद्या थोराड जातीची निवडीने घडविलेली लहान आवृत्ती हा पहिला वर्ग. जिचे मोठे रूप नाहीच, ती ‘खरी बँटम’ हा दुसरा.

खऱ्या बँटम जाती ओळखताना नवखा मनुष्य प्रथम रंगाकडे पाहतो आणि तेथेच फसतो. ‘मिल फ्लर’, म्हणजे सहस्रपुष्पी, या रंगाचेच उदाहरण घ्यावे. तांबूस-पिवळ्या पिसाच्या टोकाशी काळा पट्टा आणि त्यावर पांढरा ठिपका अशी ही शोभा आहे. परंतु ती तीन-चार जातींत सारखीच आढळते. रंग हे पक्ष्याचे वस्त्र होय; त्यावरून कुळ ठरत नाही. कुळ ठरविण्यासाठी पक्षिपालकांनी प्रत्येक जातीची लक्षणे लिहून काढली. असा पहिला मानकग्रंथ ब्रिटनमध्ये 1865 साली, तर अमेरिकेत 1874 साली प्रसिद्ध झाला. शरीराचा बांधा, तुरा, कानाची पाळी, पाय, वजन व रंग यांचे वर्णन आणि कोणत्या दोषामुळे पक्षी प्रदर्शनातून बाद ठरतो याची नोंद अशा ग्रंथांत असते.

मानकाच्या आधारे परीक्षा करताना पाय प्रथम पाहावेत. पाय उघडे असून तुरा गुलाबासारखा पसरट व बारीक उंचवट्यांचा असेल, तर तो पक्षी रोझकोंब किंवा अँटवर्पची दाढीवाली बँटम असण्याचा संभव अधिक. यांतील भेद मुखावर स्पष्ट दिसतो. रोझकोंबच्या कानाची पाळी मोठी, गोल व पांढरीशुभ्र असते. अँटवर्पच्या पक्ष्याची पाळी दाट दाढीत व गालांवरील पिसांत झाकून जाते.

पायांवर बोटांपर्यंत पिसे असतील, घोट्यापासून मागे ताठ पिसे निघाली असतील आणि तुरा एकेरी असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. ही लक्षणे दोन जातींत समान आहेत. एक नेदरलँड्समधील जुनी ‘साबेलपोट’; घोट्यामागील पिसांच्या तलवारीसारख्या आकारावरून तिला हे नाव मिळाले. इंग्रजी भाषक तिला ‘बूटेड बँटम’ म्हणतात. दुसरी बेल्जियममधील उक्ल या गावची दाढीवाली बँटम. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हान गेल्डर या पक्षिपालकाने ती सिद्ध केली. साबेलपोट आणि अँटवर्पची बँटम यांच्या संकरातून ती निर्माण झाली, असे सामान्यतः मानले जाते. म्हणूनच साम्य इतके निकटचे आहे.

उक्लच्या पक्ष्याला दाढी असते, साबेलपोटला नसते. मात्र साबेलपोटच्या चोचीखाली लाल मांसल लोंबत्या झालरी चांगल्या वाढलेल्या दिसतात. परंतु एवढ्यावर निर्णय देणे धोक्याचे आहे. दाढीचा जनुक प्रभावी असला तरी त्याचे प्रभुत्व अपूर्ण असते. त्याची एकच प्रत असलेल्या नर-मादीच्या पिलांपैकी सरासरी एक चतुर्थांश पिले बिनदाढीची निपजतात. असे पिलू साबेलपोट नव्हे, सदोष उक्लच होय. त्याची मान जाड आयाळीची, पाय आखूड व शरीर रुंद असते. साबेलपोट त्या मानाने उंच पायांची व सडपातळ असते.

ही चूक केवळ प्रदर्शनातील बक्षिसापुरती राहत नाही. बिनदाढीचे उक्ल साबेलपोटच्या कळपात सोडले, तर दाढीचा जनुकच नसल्यामुळे पुढील पिढ्यांत सावध करणारी खूण उमटत नाही. मात्र पाय हळूहळू आखूड होतात, मान जाडावते आणि जुना बांधा नाहीसा होतो. ब्रिटन व अमेरिका यांसारख्या देशांत, जेथे साबेलपोट विरळाच, तेथे असे मोजके पक्षीही मोठी हानी करू शकतात. म्हणून जाणता परीक्षक थोडा दूर उभा राहून प्रथम पक्ष्याची संपूर्ण आकृती न्याहाळतो. दाढी आणि रंग यांचा विचार तो त्यानंतर करतो.