‘आज’चे कूळ आणि फसली साल

कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियर आधार मानणारा 2 सप्टेंबर 2025 चा शासननिर्णय निघाल्यापासून नांदेड-लातूरकडे निजामकालीन दप्तरांची जी विचारपूस चालली आहे, तीत जुना कागद हाती आला की प्रथम घोडे अडते ते सालापाशी. कारण कागदावरचे, समजा, 1310 हे साल फसली, म्हणजे निजामी महसुलाच्या गणनेतले, असल्यामुळे त्यात 590 किंवा 591 मिळविल्याखेरीज इसवी सन लागत नाही, आणि आजूर ते आबान हे त्याचे महिने तर थेट इराणातले.

राज्याबरोबर कालगणनेचे शब्द येतात. साल, तारीख, मुदत, हप्ता हे कचेरीच्या वाटेने आले आणि इतके मुरले की गुढीपाडव्याला ज्याची बोली होते, तो शेतावरचा माणूसही ‘सालगडी’च झाला. परंतु मला त्याहून मोलाचे वाटतात ते कोणत्याही फर्मानाने न आलेले, केवळ तोंडोतोंडी झिजत आलेले शब्द.

ही झीजही नियमाने होते. लॅटिनपासून तिच्या लेकी कशा निपजल्या, हे ज्या शास्त्राने उलगडले त्याचीच शिस्त घेऊन ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवरील आपला ग्रंथ 1920 साली प्रसिद्ध केला. आणि खरोखरच लॅटिन व संस्कृत या दोहींकडची वाटचाल पाहून मन थक्क होते. ‘हा दिवस’ या अर्थाच्या लॅटिन ‘होदिए’चा इटालियनांनी ‘ओज्जी’ केला, संस्कृत ‘अद्य’चा प्राकृतात ‘अज्ज’ आणि पुढे ‘आज’ झाला. म्हणजे हजारो कोसांच्या अंतरावर, परस्परांची वार्ताही नसता, दकार-यकारांच्या संयोगाचा दोन्ही लोकांच्या जिभेवर ‘ज्ज’च झाला. फ्रेंचांत तर तो शब्द ‘उई’ इतका क्षीण झाला की त्याला ‘ओजुर्दुई’ असा लांबलचक टेकू द्यावा लागला. ‘उद्या’चा वाचक लॅटिन ‘क्रास’ प्रचारातून गेला व त्याच्या जागी सकाळवाचक शब्द आला. स्पॅनिशात ‘मान्याना’ म्हणजे सकाळही आणि उद्याही. आपल्याकडे उद्यावाचक ‘श्वः’ एकटा उरला नाही, तो ‘परश्वः’पासून आलेल्या ‘परवा’त दडला, आणि ‘कल्य’ म्हणजे पहाट, तिचा मात्र मराठीत गेलेला दिवस, ‘काल’, झाला.

वारांची नावेही अशीच झिजली. आदित्यवाराचा ऐतवार, बृहस्पतवाराचा बेस्तरवार ही रूपे मराठवाड्यातील वृद्धांच्या तोंडी अजून ऐकू येतात, शाळेच्या फळ्यावर मात्र ती अशुद्ध ठरतात. हा न्याय मला मान्य नाही. 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडास स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने व लातूरच्या महाविद्यालयांनी, दप्तरांचा शोध चालू आहे तोवरच, गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून हे शब्द उच्चारासह टिपून घ्यावेत.