घाटात इंजिन किती तापतं?

आजच्या बऱ्याच लहान गाड्यांच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या तापमानाचा काटाच नसतो. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल. या दोन दिव्यांच्या मधे काय चाललंय, ते गाडी सांगत नाही. शहरात त्यावाचून अडत नाही. पण भरल्या गाडीनं सह्याद्री चढायचा तर लाल दिवा लागायच्या आधी कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून मे महिन्यात पुण्याहून चिपळूणला निघण्याआधी मी आणि माझ्या मुलीनं तो काटा घरीच तयार केला. काटा म्हणजे आकडे दाखवणारा लहानसा डिस्प्ले.

माहिती गाडीकडे असतेच. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. सर्व्हिसिंगला गाडी गेली की मेकॅनिक तिथंच स्कॅनर लावतो. त्यात ईएलएम३२७चा ब्लूटूथ अडॅप्टर खोचायचा आणि ईएसपी३२ नावाच्या छोट्या बोर्डकडून त्याला तापमानाचा कोड पाठवून विचारायचं : ०१०५. उत्तर येतं, समजा, ४१ ०५ ७बी. कामाची आहे ती शेवटची जोडी. सोळाचा पाया धरून लिहिलेली ही संख्या. बी म्हणजे अकरा. सात सोळं एकशे बारा आणि अकरा, १२३. त्यातून ४० वजा केले की ८३ अंश सेल्सिअस. वजाबाकी कशासाठी? एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, आणि गोठवणाऱ्या थंडीतलं तापमानही त्यातच बसवायचं असतं. म्हणून मोजणी उणे ४०पासून सुरू होते. सातवीतल्या मुलीनं हे आधी वहीत सोडवलं आणि प्रोग्रॅममधली ती ओळ स्वतः लिहिली.

खरं जपून करायचं काम वायरिंगचं. बोर्डला ५ व्होल्ट लागतात. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर तो आकडा १४च्या आसपास नेतो. म्हणून मधे व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर हवा. पुण्याच्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. आधी मल्टिमीटर लावून, त्याचा बारीक स्क्रू फिरवून बरोबर ५ व्होल्ट करून घ्यायचे. बोर्ड त्यानंतरच जोडायचा. वीज घ्यायची ती फ्यूजबॉक्समधून, चावी बंद केली की बंद होणाऱ्या लाइनवर फ्यूज टॅप बसवून, आणि आपल्या जोडणीला वेगळा लहान फ्यूज देऊन. मूळ वायर सोलून तिला पीळ देऊन टेप गुंडाळण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. उन्हानं टेपचा चिकटपणा जातो, हादऱ्यांनी पीळ सुटतो, आणि योग्य फ्यूज नसला तर शॉर्ट झालेली वायर पेट घेईपर्यंत तापत राहते. पिवळं आवरण असलेल्या एअरबॅगच्या वायरींना तर हातच लावायचा नाही. ओबीडी सॉकेटच्या सोळाव्या पिनेत चावी काढल्यावरही वीज असते. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवावा, नाहीतर बॅटरी हळूहळू उतरते.

बोर्डसाठी डबी थ्रीडी प्रिंटरवर करायची होती, पण पीएलए प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं आणि मे महिन्यातल्या उन्हात डॅशबोर्ड त्याहून तापतो. म्हणून एबीएसची तयार डबी घेतली.

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणकडे वळेपर्यंत आकडा ८८-९०वर होता. कोयनानगरच्या पुढे कुंभार्ली घाट सुरू झाला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. आकडा खाली येऊ लागला आणि ८२पाशी थांबला. उतारावर गिअरमध्ये असलेली गाडी इंजिनाला फिरवत असते. इंजेक्टर पेट्रोल जवळजवळ बंदच करतात, त्यामुळे उष्णता फारशी तयार होत नाही. आकडा आणखी खाली जात नाही, कारण थर्मोस्टॅट मिटतो आणि रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवतो. पोफळीपर्यंत मुलगी मागच्या सीटवरून आकडे वाचत होती आणि माझे वडील ते लक्ष देऊन ऐकत होते.

वडिलांनी वर्षानुवर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली. घाटात पाणी उकळलं की बॉनेट उघडून थांबायचं, पण रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे त्यांनी आम्हाला लहानपणीच बजावलेलं. कारण तेच, जे स्वयंपाकघरातल्या कुकरचं. झाकणानं दाब धरलेला असतो म्हणून शंभर अंशांच्या पुढेही पाणी उकळत नाही. दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होते आणि हातातोंडावर येते.

परतीला डिकीत आंब्याच्या पेट्या, गाडीत पाच माणसं, एसी चालू. अलोरे गेलं, चढ लागला. ९१, ९३, ९६. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत होतं. वडील म्हणाले, "दुसरा टाक." आमच्या गाडीत पाण्याचा पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, इंजिनाचे फेरे वाढले की पाणीही जोरानं फिरतं. ९७ला पंखा लागल्याचा आवाज आला. मुलगी म्हणाली, "आई, एसी बंद करून बघू या?" केला. दोन-तीन वळणांत ९३.

वर पोचून कोयनानगरला चहाला थांबलो. मी लगेच इंजिन बंद केलं, चावी ऑनच ठेवली, आणि सगळे डिस्प्लेकडे बघत बसलो. आकडा चढू लागला : ९४, ९६, ९८. पंप थांबला, पाणी जागच्या जागी उभं राहिलं, आणि इंजिनाच्या धातूतली उष्णता त्यात उतरू लागली. वडिलांनी मान डोलावली. "म्हणून आम्ही घाट चढल्यावर गाडी थोडा वेळ चालूच ठेवायचो," ते म्हणाले. मी पुन्हा स्टार्टर मारला. पंखा लागला, आकडा ९१वर आल्यावर इंजिन बंद केलं आणि चहाला उतरलो. आता या डबीत मेमरी कार्ड बसवायचंय. आंबोली घाटाच्या चढाचे आकडे कुंभार्लीच्या शेजारी मांडून बघायचे आहेत.