जुनी तबकडी, नवे कान

उपग्रह आकाशात फिरतो. पण त्याचा संदेश टिपावयाचा तो जमिनीवरील तबकडीनेच. इंग्लंडमधील गूनहिली येथे १९८५ साली ३२ मीटर व्यासाची अशी एक तबकडी उभारली गेली. पुढे तिला दूरच्या अवकाशयानांशी बोलती करण्याचे ठरले. इतक्या लांबून येणारा संदेश अतिशय क्षीण असतो. ग्राहकयंत्राच्या स्वतःच्या उष्णतेची खरखरसुद्धा त्याला बुडविते. म्हणून ते यंत्र अत्यंत थंड ठेवावे लागते. तबकडी मोडली नाही. तिची यंत्रे बदलली. २०२१ साली तिने मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाचा संदेश टिपला. सांगाडा जुना, कान नवे! मग मी एवढेच विचारतो : लोखंडाला जे मिळाले, ते यंत्र चालविणाऱ्या कामगाराला का मिळू नये? त्यालाही नवे शिक्षण द्या. भंगारात काढू नका.