धाकट्यांना सांभाळणारी मोठी : ऑकलंडमधल्या सामोअन घरांची गोष्ट

ज्यांना हेडफोन लावण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. न्यूझीलंडमधलं ऑकलंड शहर, त्याच्या दक्षिणेकडचा ओटारा भाग. दुपारचे तीन वाजलेत, शाळा सुटलीय. अकरा वर्षांची एक मुलगी गेटपाशी थांबलीय. दोन धाकटी भावंडं आली की त्यांना घेऊन घरी जायचं. ब्रेडला लोणी लावून द्यायचं, भांडी घासायची, भात लावायचा. पाच वाजता आई ऑफिसांच्या साफसफाईला निघते. वडील कारखान्यातून सातला येतात. मधले दोन तास घर तिच्या हातात.

ही मुलगी मी कल्पनेतून उभी केलीय. पण अशी घरं खरी आहेत. आता प्रश्न असा, की हा मुलीवरचा अन्याय आहे की चांगले संस्कार? उत्तर द्यायची घाई नको. आधी सामोआत जाऊन येऊ.

सामोआ म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेटं. तिथे कुटुंबाला ‘आइंगा’ म्हणतात. त्यात आईवडील आणि मुलंच नाही, तर काका, मावश्या, आजीआजोबा, चुलत-मावस भावंडं सगळी येतात. घरच्या बारीकसारीक कामांना शब्द आहे ‘फेआउ’, आणि ती मुलांनी करायचीच असतात. यामागचा विचार ‘ताउतुआ’, म्हणजे सेवा. सामोअन म्हणच आहे, अधिकाराची वाट सेवेतून जाते. आज पाणी आणून देणारा मुलगा उद्या कुटुंबाचा प्रमुख, म्हणजे ‘मताई’ होऊ शकतो.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड 1925 मध्ये तिथल्या ताउ बेटावर गेली. 1928 साली आलेल्या तिच्या पुस्तकातल्या तारुण्याबद्दलच्या निष्कर्षांवर पुढे मोठा वाद झाला. पण तिने टिपलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. सहा-सात वर्षांच्या मुली बाळांना कडेवर घेऊन फिरायच्या. आणि त्या मोठ्या होऊन जड कामं करण्याइतक्या दणकट झाल्या, की बाळ सांभाळायचं काम त्यांच्यापेक्षा लहान मुलींकडे जायचं. म्हणजे ती पाळी असायची, कायमची नेमणूक नव्हे.

शिवाय जुनं सामोअन घर, ‘फाले’, हे खांबांवर उभं असतं, त्याला भिंती नसतात. बाळ रडलं तर शेजारच्या फालेतल्या आजीला ऐकू जाणार. मुलगी जबाबदार होती, पण एकटी नव्हती.

आता परत ऑकलंडला. सामोआवर 1914 पासून न्यूझीलंडचा ताबा होता. 1962 मध्ये सामोआ स्वतंत्र झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना माणसं हवी होती, म्हणून हजारो सामोअन तिकडे गेले. 2018 च्या जनगणनेत तिथे सुमारे 1 लाख 82 हजार सामोअन होते. खुद्द सामोआची लोकसंख्या साधारण 2 लाख, यावरून अंदाज घ्या.

कुटुंब गेलं, फेआउ गेलं, ताउतुआ गेली. पण मागे काय राहिलं? शेजारची आजी. पाळी घेणारी चुलत बहीण. बिनभिंतीचं घर. नव्या देशात दार बंद असतं आणि मोठी मुलगी वर्षानुवर्षं ‘मोठी’च राहते. वर नवीन कामं येतात. आजीसोबत डॉक्टरकडे जाऊन इंग्रजीचं सामोअन करून सांगायचं, बँकेचं पत्र वाचून दाखवायचं.

आणि मध्ये कायदा येतो. 1981 च्या कायद्यानुसार तिथे 14 वर्षांखालच्या मुलाला देखरेखीची वाजवी सोय न करता, अवाजवी वेळ सोडून जाणं हा गुन्हा आहे. आईच्या नजरेत ‘मोठी आहे ना घरात’ ही सोयच असते. कायद्याच्या नजरेत ती अकरा वर्षांची मोठीसुद्धा एक मूलच. आई निष्काळजी नाही. दोन पगारांशिवाय भाडं भागत नाही, आणि गावाकडे पैसेही पाठवायचे असतात.

कुटुंबांवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ साल्वाडोर मिनुचिन यांनी अशा मुलांना ‘पालक-मूल’ म्हटलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं : काम नेमकं ठरलेलं असेल आणि वर मोठ्यांचा आधार असेल, तर मूल त्यातून शिकतं, खंबीर होतं. पण मोठ्यांनी हात काढून घेतला, की त्याच जबाबदारीचं ओझं होतं.

म्हणून मला वाटतं, ‘मुलांनी भावंडांना सांभाळावं का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. तिला सांभाळणारं कोण आहे, हे विचारायला हवं. अडचण आली तर ती कुणाला फोन करते? तिचा गृहपाठ कधी होतो? तिची पाळी कधी संपणार?

तुमच्यापैकी कुणी घरातली ताई किंवा दादा असाल, तर हे तीन प्रश्न स्वतःलाही विचारून बघा. आणि धाकटे असाल, तर आज भांडी तुम्ही घासा.

भेटू पुढच्या भागात!